गणिताची शंकापेटी

प्रश्न : २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे संगणकाविना कसं कळलं?

उत्तर : गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली दाखवलं. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात उणे १. वर्गमूळ ४६,३४० च्या पुढे. तिथवर प्रत्येक मूळ संख्येने भागत बसायचं म्हणजे शिक्षाच! पण हिला मूळ अवयव असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. मग तपासायला उरतात जेमतेम ३७३ संख्या. त्यांतल्याही ६३ सारख्या संयुक्त आपोआप गळतात. निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात मीही वही उघडली होती. ३११ ने भागलं, बाकी ३५. पुढे दोनदा चुकलो, आणि वही सौ.ने दुधाच्या हिशेबाला पळवली.