फाईलचा साइज जुळला, तरी शा-२५६ तपासायला हवं का?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो, म्हणून पाच दिवस थांबवत-चालू करत उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची जवळजवळ सहा जीबीची आयएसओ फाईल (इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाईलमधली प्रत) उतरवली. साइज बरोबर दिसतोय. साइटवर शा-२५६ म्हणून एक लांबलचक ओळ दिली आहे. ती तपासायलाच हवी का, आणि तपासायची कशी?

हवीच. पेनड्राइव्ह बनवण्याआधी हे करा.

साइजवर विसंबून मी तीन दिवस घालवले आहेत. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स टाकत होतो आणि इन्स्टॉलेशन दर वेळी साधारण सत्तर टक्क्यांवर अडकायचं. एका मशीनची हार्डडिस्क बदलली, दुसऱ्याची रॅम काढून पुसून परत बसवली. तिसऱ्या दिवशी मूळ फाईलचा हॅश, म्हणजे शा-२५६ची ती लांबलचक ओळ, काढला, तर तो साइटवरच्या हॅशशी जुळेना. साइज मात्र शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर होता! बरेच डाउनलोड मॅनेजर आणि टोरेंटचे (फाईल तुकड्यातुकड्यांनी अनेकांकडून उतरवणारे) प्रोग्राम सुरुवातीलाच डिस्कवर पूर्ण फाईलएवढी जागा राखून ठेवतात आणि उतरतील तसे तुकडे तिच्यात भरत जातात. एखादा तुकडा राहून गेला तर तिथे नुसती शून्यं उरतात, आणि साइज पहिल्या मिनिटापासून पूर्णच दिसतो. त्यामुळे साइज कमी असेल तर फाईल नक्की अपुरी. पण साइज बरोबर असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

शा-२५६ मध्ये संपूर्ण फाईल, एकही बाइट न वगळता, एका गणितातून जाते आणि २५६ बिटांचं उत्तर निघतं. ते लिहिताना ६४ अक्षरं होतात: ० ते ९ आणि ए ते एफ. सहा जीबीमधला एक बिट बदलला तरी उत्तराचे साधारण निम्मे बिट बदलतात. म्हणून 'जवळपास जुळतंय' असा प्रकारच नसतो. एक तर जुळतं, नाही तर पार वेगळं येतं.

विंडोजवर सगळ्यात सोपं म्हणजे पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचं, इंग्रजी अक्षरांत गेट-फाईलहॅश टाइप करायचं, एक जागा सोडायची, फाईल माउसने ओढून त्या खिडकीत टाकायची आणि एंटर. वेगळं काही सांगितलं नाही तर ते शा-२५६च काढतं. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राइट-क्लिक केल्यावर 'सीआरसी शा' असा मेनू दिसतो, त्यातूनही होतं. लिनक्सवर शा२५६सम ही कमांड आहे, मॅकवर शासम, तिला पर्याय म्हणून '-ए २५६' द्यायचं. आलेलं उत्तर कॉपी करा, साइटचं पान उघडून कंट्रोल-एफ दाबा आणि तिथे पेस्ट करा. सापडलं तर जुळलं. पॉवरशेल मोठी अक्षरं देतं, साइटवर लहान असतात, त्याने फरक पडत नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं डोळ्यांनी पाहून सोडून देऊ नका.

नाही जुळलं तर तीच फाईल पुन्हा एकदा तपासा. दोन्ही वेळा एकच चुकीचं उत्तर आलं तर फाईल खराब आहे. दर वेळी वेगळं येत असेल तर दोष फाईलचा नसून तुमच्या रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, कारण त्या मशीनवर बाकीचा डेटाही धोक्यात आहे. आणखी एक: फाईल मित्राकडे न्यायची असेल तर फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि कॉपी झाल्यावर हॅश तिकडेही काढावा.

इथवर फाईल धड आहे का एवढंच कळलं. ती खरोखर उबुंटूवाल्यांचीच आहे का, हा निराळा प्रश्न आहे, आणि लोक नेमके इथेच गल्लत करतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या दुसऱ्या एका लिनक्सची वेबसाइट फोडली गेली आणि तिच्या १७.३ सिनॅमन या आवृत्तीची लिंक बदलून लोकांना चोरदरवाजा (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलेल्या आयएसओकडे पाठवलं गेलं. ज्याला साइटवरची लिंक बदलता येते, त्याला तिथला हॅशही बदलता येतो. ज्याने पोत्यातला तांदूळ बदलला त्यानेच पावतीही लिहिली असेल, तर माल पावतीशी जुळणारच.

यावर उपाय डिजिटल सहीचा. उबुंटू हॅशच्या यादीसोबत त्या यादीवरच्या सहीची जीपीजी फाईलही देतं (जीपीजी हा अशा सह्या करायचा आणि तपासायचा प्रोग्राम). सही करायची खासगी चावी (गुप्त ठेवायचा कोड) वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवायची नसते, त्यामुळे नुसती साइट फोडून सही बनवता येत नाही. जीपीजीला 'व्हेरिफाय' सांगितलं की 'गुड सिग्नेचर' येतं आणि खाली इशारा येतो की या चावीची खात्री कुणी दिलेली नाही. नवखे तिथे घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच की सही या चावीची आहे, पण चावी कुणाची हे तुम्ही ठरवा. चावीचा ४० अक्षरांचा ठसा (तिची ओळख पटवणारी ओळ) दुसऱ्या वाटेने मिळवून ताडा. जवळ जुनं उबुंटू असेल तर ही चावी त्यात आधीपासूनच असते, आणि तो सगळ्यात भरवशाचा मार्ग.

कुठे फक्त एमडी५ हा जुन्या पद्धतीचा हॅश दिलेला दिसला तर अपघाती बिघाड त्यानेही कळतो. घातपातासाठी मात्र तो निकामी आहे, कारण एकच एमडी५ येणारे दोन वेगळे मजकूर २००४ सालीच बनवून दाखवले गेले. शा-१ या दुसऱ्या जुन्या पद्धतीची तीच गत २०१७ मध्ये झाली.

सही जुळली तरी आतला कोड निर्मळ आहे असं सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकीच एकाने घातला होता, त्यामुळे हॅश आणि सही दोन्ही बरोबरच होत्या.

उबुंटू बसल्यावर रोजच्या पॅकेजेससाठी हा खटाटोप लागत नाही, पॅकेजेस उतरवून बसवणारा उबुंटूचा प्रोग्राम एपीटी सही आणि हॅश दोन्ही स्वतः तपासतो. कधी 'हॅश सम मिसमॅच' आलं तर बहुतेक वेळा मिररवरची (त्याच फाईल्सची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरची) किंवा मधल्या प्रॉक्सी सर्व्हरमधली यादी शिळी असते. थोड्या वेळाने पुन्हा अपडेट करा किंवा मिरर बदला, पण तपासणी बंद करून पॅकेज टाकू नका.

आता तुमच्या पाच दिवसांचं. हॅश जुळला नाही तर फाईल डिलीट करू नका. उबुंटूच्या साइटवरून त्याच आवृत्तीची छोटी टोरेंट फाईल घ्या, टोरेंट प्रोग्रामला तुमची आयएसओ जिथे आहे तोच फोल्डर द्या, फाईलचं नाव टोरेंटमधल्या नावासारखंच ठेवा आणि 'रीचेक' करा. टोरेंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा असतो, त्यामुळे प्रोग्राम धड तुकडे तसेच ठेवतो आणि फक्त बिघडलेले पुन्हा उतरवतो. थोडेच तुकडे बिघडले असतील तर त्याच दिवसाच्या दीड जीबीत काम होऊन जाईल. झालं की शा-२५६ पुन्हा एकदा काढा.