गोळी चहात नको, भावाच्या हातात द्या

प्रश्न : धाकटा भाऊ बोटीवर खलाशी आहे. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून जूनमध्ये घरी आला. डॉक्टरांनी दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामची गोळी, २५० मिलिग्रॅम रोज आणि दर आठवड्याला ओपीडी सांगितली आहे. रत्नागिरीला जायचं तर दिवस मोडतो, म्हणून तो टाळतो. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपली की बोट निघेल. गोळी गुपचूप चहातून दिली तर चालेल का?
– एक बहीण, हर्णै

उत्तर : ताई, चहातून अजिबात देऊ नका. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड, म्हणजे दारूपासून बनणारं विषारी द्रव्य, साचतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याच्या तर जिवावर बेततं. गोळीचं त्याला ठाऊकच नसेल, तर भर समुद्रात एका घोटावर हे सगळं होईल आणि काय झालंय ते कोणालाच कळणार नाही.

उघडपणे, त्याच्या संमतीने, रोज सकाळी तुमच्यासमोर घेतली तर हीच गोळी चांगली उपयोगी पडते. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेलेले हवेत. बंद केल्यावरही असर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, म्हणजे 'कालच सोडली, आज चालेल' हा हिशोब चुकीचा. माडी तर नकोच, पण आयुर्वेदिक आसव-अरिष्टं आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंही नकोत. यकृताची तपासणी सुरुवातीला आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा करायची. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

ओपीडी चुकवू नका. केंद्रात दारू समोर नव्हती. खरी कसोटी घरी आल्यावर लागते, आणि पहिले तीन महिने फार नाजूक. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचार तपासणी कोणत्या दिवशी असते, ते विचारा. मधल्या काळात १४४१६ वर टेली-मानसशी, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी, मोफत बोलता येतं, पण समुद्रात रेंज नसते. म्हणून निघण्याआधी आणि बंदराला लागल्यावर असे दोन फोन ठरवूनच टाका. हिशोबाचे पैसे हातात पडतात तो दिवस सर्वांत धोक्याचा. त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही स्वतः जा.

तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या प्रमुखालाही, सांगून ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही. भाऊ घसरला, चार दिवस सलग प्यायला आणि बोट सुटायची म्हणून एकदम थांबला, तर त्याला बोटीवर पाठवू नका. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. ४८ तासांपर्यंत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. फिट डेकवर आली तर माणूस थेट पाण्यात. अशा वेळी त्याला सरळ रुग्णालयात न्या. गावात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. 'हा रोज पिणारा आहे, आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्या' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थायमिन कमी असताना ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.