पडद्यावरचे काळे ठिपके

प्रश्न : शॉवरच्या प्लास्टिक पडद्याच्या खालच्या कडेला काळे ठिपके पडलेत, हाताला बुळबुळीत लागतं. फेकून द्यावा का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात नको. ती बुरशी आहे. साबणाचा थर हे तिचं खाद्य, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात पडद्याच्या चुण्या दिवसभर ओल्याच राहतात.

कड्या काढा. पडदा दोन जुन्या टॉवेलांसोबत मशीनमध्ये घाला. घासायचं काम टॉवेलच करतात, एकटा पडदा नुसता गोळा होऊन फिरतो. नेहमीची पावडर, अर्धी वाटी खायचा सोडा, कोमट पाणी, नाजूक कपड्यांचं सेटिंग. गरम पाण्याने प्लास्टिक आक्रसतं. शेवटच्या खळबळण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर. क्षारांचे पांढरे डाग त्यानेच सुटतात. स्पिन बंद, नाहीतर कायमच्या घड्या पडतात.

तरीही ठिपके राहिले तर पातळ ब्लीच, पण वेगळ्या दिवशी आणि खिडकी उघडून. ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

अंघोळीनंतर पडदा गोळा करून ठेवू नका, पूर्ण पसरवा. तळाची दुमडलेली शिवण मात्र फडक्याने पुसाच, सुरुवात तिथूनच होते. प्लास्टिक कडक होऊन तडकलं असेल, तर खुशाल नवा आणा.