एचबीसीयूत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलीला तिथल्या संस्कृतीत कितपत सामील होता येतं?

तुमच्या मुलीला अमेरिकेतल्या एका एचबीसीयूत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या जुन्या विद्यापीठात, प्रवेश मिळालाय आणि तुम्हाला दोन काळज्या आहेत: ती तिथे परकी पडेल का, आणि त्यांच्या नाचगाण्यात उतरली तर कुणाला खटकेल का. मी मूळची अमरावतीची, रसायनशास्त्रात पीएचडी हॉवर्डमधून, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या अशाच एका विद्यापीठातून केली. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते.

परकी पडणार नाही. खटकेल का, ते ती कशात उतरते त्यावर आहे. बऱ्याच गोष्टी सगळ्यांना मोकळ्या असतात. काही नसतात, आणि त्या तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनाही जन्माने मिळत नाहीत, कमवाव्या लागतात. बाहेरच्यांचा घोळ होतो तो इथेच.

या संस्थांनी दार कुणाला लावलं नव्हतं. दारं लावली होती ती बाकीच्यांनी. हॉवर्ड १८६७ साली सुरू झालं तेव्हा पहिल्या विद्यार्थिनी संस्थापकांच्याच गोऱ्या मुली होत्या. हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या कितीतरी ज्यू प्राध्यापकांना अमेरिकेत नोकरी मिळाली ती या कॉलेजांत. मिसिसिपीतल्या टुगालूमध्ये अर्न्स्ट बोरिन्स्की १९४७ पासून समाजशास्त्र शिकवायचे, अगदी शेवटपर्यंत. आज या सगळ्या संस्थांत मिळून साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. भारतीय प्राध्यापक तर, विशेषतः सायन्स आणि इंजिनिअरिंगला, सगळीकडे दिसतील.

पण तिथली माणसं काही बाबतींत जपून का असतात, तेही तिला ठाऊक हवं. वेस्ट व्हर्जिनियात ब्लूफील्ड स्टेट म्हणून कॉलेज आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा-कॉलेजांचे कायदे संपल्यावर तिथे आसपासची गोरी मुलं येऊ लागली. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण कारभारही गोऱ्यांकडे गेला, तणाव वाढला, १९६८ मध्ये व्यायामशाळेत बॉम्बस्फोट झाला आणि नंतर वसतिगृहं बंद केली गेली. दुरून येणारी कृष्णवर्णीय मुलं राहणार कुठे? कॉलेज कागदोपत्री आजही एचबीसीयू आहे, विद्यार्थी मात्र बहुतेक गोरे. हे उदाहरण त्या लोकांना पाठ असतं.

आता तिथलं रोजचं जगणं. हॉवर्डच्या मधोमध मोठं हिरवळीचं मैदान आहे, त्याला नुसतं 'यार्ड' म्हणतात. तिथल्या काही झाडांवर तुम्हाला रंग आणि ग्रीक अक्षरं दिसतील. 'डिव्हाईन नाईन' नावाच्या नऊ कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी-संघटना आहेत, त्यांची ती झाडं. त्यातल्या पाच हॉवर्डमध्येच जन्मल्या, पहिली एकेए (अल्फा काप्पा अल्फा) ही मुलींची, १९०८ साली. कमला हॅरिस तिथून १९८६ ला पदवीधर झाल्या, त्या याच एकेएच्या. हवा चांगली असली की शुक्रवारी दुपारी यार्डात गाणी लागतात आणि एखाद्या संघटनेच्या पोरी एकामागे एक रांग धरून, एका ठेक्यात, खांद्याला खांदा जुळवत पुढे सरकतात. तो स्ट्रोल. बघायला गर्दी करा, ओरडा, टाळ्या वाजवा. पण रांग कापून पलीकडे जायचं नाही, आणि त्यांच्या हाताच्या खुणा किंवा त्यांची आरोळी गंमत म्हणून करायची नाही. घाईत रांगेतून घुसलेल्या एका नव्या पोराला सिनियरने दंडाला धरून बाजूला काढलेलं मी पाहिलंय. तो पोरगा कृष्णवर्णीयच होता. सभासदत्वासाठी मार्क लागतात, समाजकामाची नोंद लागते, आणि गाजावाजा न करता वाट पाहावी लागते. इतर वंशांच्या सभासद आहेत, थोड्या आहेत. तिला खरंच रस असेल तर पहिल्याच सेमिस्टरला सगळ्यांना विचारत सुटू नये, ते फार वाईट दिसतं.

स्टेप शो, म्हणजे पाय आपटत आणि टाळ्यांच्या ठेक्यावर करायचा या संघटनांचा संघनाच, त्याबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. २०१० मध्ये अटलांटात झालेल्या मोठ्या स्पर्धेत आर्कान्सामधल्या एका गोऱ्या सोरॉरिटीच्या मुली पहिल्या आल्या आणि एकच गदारोळ झाला. पुढे प्रायोजकांनी गुणांत गफलत झाल्याचं सांगून इंडियानाच्या एकेएलाही संयुक्त विजेते केलं. माझ्या मते त्या मुलींचं काहीच चुकलं नव्हतं. स्पर्धा खुली होती, त्यांनी घाम गाळला होता. राग होता तो वेगळाच: आपल्याकडचं काहीही नेलं की बाहेर त्याचं कौतुक दुप्पट होतं. तो राग मला कळतो, पण तो त्या मुलींवर निघायला नको होता.

याउलट २०१९ चं कुत्र्यांचं प्रकरण. हॉवर्डच्या आसपास घरं महागली, नवे, बरेचसे गोरे रहिवासी आले आणि यार्डात कुत्री फिरवू लागले. मुलांनी आक्षेप घेतला तर एक जण टीव्हीवर म्हणाला, विद्यापीठानेच दुसरीकडे जावं! शेवटी कुलगुरूंना सांगावं लागलं की कुत्री आणू नका. हिरवळ हवी, पण ती कुणी राखली याच्याशी देणंघेणं नको, अशी ही माणसं.

आपल्या लोकांचं वागणं याहून फार वेगळं असतं असं नाही. कित्येक जण फेलोशिपच्या पैशांवर पाच वर्षं लॅबमध्ये काढतात, कॅन्टीनमधलं बुधवारचं तळलेलं चिकन तेवढं चवीने खातात, आणि घरी फोनवर 'इथे सगळे तसलेच' म्हणतात. एकाही वर्गमित्राच्या घरी गेलेले नसतात. तुम्ही आई-वडील म्हणून एवढं करा: फोनवर 'सांभाळून राहा गं, तिथे ते लोक' हे सुरू करू नका.

आपलं त्यांच्याशी जुनं नातंही आहे. हॉवर्डचे प्राध्यापक बेंजामिन मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, अस्पृश्यतेबद्दल त्यांना प्रश्न विचारले, आणि पुढे ते मोअरहाऊस या दुसऱ्या एचबीसीयूचे अध्यक्ष असताना मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे विद्यार्थी होते. फिस्क या एचबीसीयूत शिकलेल्या कृष्णवर्णीय विचारवंत दुबॉईसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. मुलीने हे वाचून जावं. मात्र पहिल्याच ओळखीत 'आमच्याकडेही असंच असतं' म्हणून पुढे करू नये. विशेषतः घरात जातीबद्दल कधी बोलणं झालेलं नसेल, तर अजिबातच नाही. समोरचा नेमका तोच प्रश्न विचारतो.

काही वाजवता येत असेल तर मार्चिंग बँडची ऑडिशन द्यायला सांगा, तिथे वाद्य बघतात, रंग नाही. मेहनत मात्र जबर असते, ऑगस्टच्या उन्हात तासन्‌तास कवायत. या बँडवाल्यांना फुटबॉल सामन्यातली हाफटाइम, म्हणजे मधल्या सुट्टीतलं त्यांचं वादन, हाच खरा सामना वाटतो. आणि होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या वार्षिक सोहळ्याला, तुम्ही दोघं जाणार असाल तर हॉटेल बरंच आधी बघा, त्या आठवड्यात भाव भलतेच चढतात.