टेलिग्रामवर पाच रुपये जास्त मिळतात, यूएसडीटी विकू का?

तुमचा प्रश्न असा: परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजवर ४,००० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) आहेत, ८३ रुपयांनी घेतलेले. भारतीय एक्स्चेंजवर भाव ८८, टेलिग्रामवरचा खरेदीदार ९३ देतोय आणि पैसे पगाराच्या खात्यात टाकणार आहे.

विकू नका. वरचे पाच रुपये म्हणजे २०,०००. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर गेला की हातात उरतात १३,७६०.

बाजारापेक्षा इतका चढा भाव सहसा ज्याला केवायसी टाळायचं असतं तोच देतो. त्याचे रुपये अनेकदा सायबर फसवणुकीतले, भाड्याच्या खात्यांतून फिरवलेले असतात. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. मग पगार अडकतो, हप्ता परत जातो आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार सुरू होतो.

तुमचे यूएसडीटी पुढे कुणाकडे जातील, हे तर तुम्हाला कळणारही नाही. २०२३ मध्ये बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने अमेरिकेत ४ अब्ज डॉलरहून जास्त दंड मान्य केला. हमासची अल-कसाम ब्रिगेड, अल-कायदा, आयसिस यांच्याशी जोडलेले संशयास्पद व्यवहार कळवले नाहीत, हा त्यातला एक आरोप होता. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा गुन्हा ठरायला तो कशासाठी जातोय हे तुम्हाला माहीत असावं लागतं; चौकशीला बोलवायला मात्र तेवढं लागत नाही. ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही.

मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणारे एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आहेत. एफआययूकडे (सरकारचा संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारा विभाग) नोंदणी असलेला निवडा आणि तो बाहेरून यूएसडीटी जमा करू देतो का, हे आधी विचारा. सगळे देत नाहीत. यूएसडीटी टीआरसी-२० (ट्रॉन), ईआरसी-२० (इथेरियम) अशा वेगवेगळ्या नेटवर्कवर फिरतं; दोन्हीकडे नेटवर्क एकच ठेवा, ते चुकलं तर रक्कम अडकू शकते. पहिल्यांदा २० यूएसडीटीच पाठवा. नाणी आधी कुणाकडून थेट घेतली असतील तर क्रिप्टो पाकिटाचा (वॉलेटचा) इतिहास तपासून एक्स्चेंज प्रश्न विचारेल, म्हणून खरेदीच्या वेळचं बँक स्टेटमेंट आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. विक्रीवर १ टक्का टीडीएस, सुमारे ३,५२० रुपये, कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो. आणि हो, दुसऱ्या नाण्यातला तोटा या नफ्यातून वजा होत नाही.