डोनाल्ड डकचं पहिलं कार्टून कोणतं? आणि ते आजच्या मुलांना आवडेल का?

तुम्ही विचारलंय की डोनाल्ड डक पहिल्यांदा कोणत्या कार्टूनमध्ये आला, आणि इतकं जुनं कार्टून आजच्या सहा-सात वर्षांच्या मुलांना दाखवण्यात अर्थ आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: ‘द वाइज लिटल हेन’, प्रदर्शन ९ जून १९३४. डोनाल्डचा वाढदिवस म्हणून डिस्ने हीच तारीख पाळतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा जास्त जागा लागेल, कारण या सात-आठ मिनिटांच्या कार्टूनवर माझा मनापासून जीव आहे आणि ‘डोनाल्डचं पहिलं’ एवढीच त्याची ओळख राहावी हे मला पटत नाही.

नावावरूनच कळतं की हे कार्टून डोनाल्डचं नाही, कोंबडीचं आहे. तिला मका पेरायचाय, हिवाळ्याची बेगमी करायचीये. एकटीला झेपणार नाही म्हणून ती पिल्लांना घेऊन शेजाऱ्यांकडे मदत मागायला जाते. एक शेजारी पीटर पिग, म्हणजे डुक्कर, आणि दुसरा डोनाल्ड. मूळ लोककथा इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मुलांना पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या कथेत कोंबडी गहू पेरते, दळते, पाव भाजते आणि दर टप्प्यावर बाकीचे प्राणी सरळ ‘मी नाही’ म्हणून मोकळे होतात.

डिस्नेच्या मंडळींनी इथे जो बदल केला, त्यातच सगळं विनोदाचं मर्म आहे. त्यांचे आळशी ‘नाही’ म्हणत नाहीत, पोट दुखतंय म्हणतात. डोनाल्ड आपल्या होडीवर खलाशांचा नाच करत असतो, अगदी रंगात आलेला. कोंबडी येऊन विचारते आणि त्याच क्षणी हात पोटावर जातात, अंग वाकतं, चेहरा पिळवटतो. एका क्षणापूर्वी नाचणारा गडी आता जणू कळांनी मरतोय. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणं काय असतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आपल्या काऊ-चिऊच्या गोष्टीतही ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ अशी कारणं आहेतच. पण तिथे कारणं सांगते ती मेणाच्या घरातली चिऊ आणि दाराबाहेर भिजत उभा असतो कावळा. इथे कारणं सांगणारे आळशी आहेत आणि राबणारी दारात उभी आहे. दोन्ही गोष्टी ज्या मुलाला माहीत आहेत, त्याच्याशी यावर छान गप्पा होतात.

पुढे कोंबडी पिल्लांना घेऊन स्वतःच पेरणी करते. मका काढणीला येतो, ती पुन्हा विचारायला जाते आणि पुन्हा दोघांची पोटं दुखतात. पण या वेळी दोघांचा जो क्लब आहे त्याच्या भिंतीच्या फळ्या निखळतात आणि आत दोघं एकमेकांचा हात हातात घेऊन ‘कसं फसवलं!’ करत असलेले तिला दिसतात. ती भांडत नाही, तोंड वाजवत नाही. घरी जाऊन मक्याचे नाना पदार्थ रांधते आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडे येते. तिने तोंड उघडायच्या आतच दोघं पोट धरून विव्हळायला लागतात. ती विचारते, जेवायला मदत कराल का? पोटदुखी जागच्या जागी बरी! मग ती त्यांच्या हातात काय ठेवते, तर एरंडेल. दुखतंय ना पोट, मग घ्या औषध. ज्यांच्या घरी आजीने नाक दाबून एरंडेल पाजलंय, त्यांना हा शेवट जास्तच भिडेल. मुलांना एरंडेल म्हणजे काय ते आधी सांगून ठेवा, नाहीतर शेवटची गंमत हुकेल.

तिचा सूड फक्त त्यांचं खोटं खरं मानण्यात आहे, हे मला फार आवडतं. मोठ्या लेखकालाही अभिमान वाटावा अशी ही रचना आहे: एकच थाप तीनदा, आणि तिसऱ्यांदा तीच थाप उलटते. शेवटी उपाशी राहिलेले दोघं पश्चात्ताप म्हणून एकमेकांच्या ढुंगणावर लाथा घालतात. काही पालकांना हे खटकतं. मला वाटतं मुलं यावर पोट धरून हसतील आणि विसरून जातील.

आता डोनाल्डबद्दल. या कार्टूनमध्ये तो फारसा चिडत नाही. चोच लांब आणि टोकदार, मान उंच, पण खलाशाचा अंगरखा आणि टोपी पहिल्या दिवसापासून आहे. आणि पहिल्या दिवसापासून आहे तो आवाज. क्लॅरेन्स नॅश हा ओक्लाहोमाचा माणूस. लॉस एंजेलिसमध्ये एका दूध कंपनीच्या प्रचारासाठी तो छोट्या घोड्यांची गाडी हाकायचा आणि प्राण्यापक्ष्यांचे आवाज काढून मुलांना रिझवायचा. डिस्नेकडे आवाजाच्या चाचणीत त्याने बकरीच्या आवाजात ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ म्हणून दाखवलं आणि वॉल्ट डिस्नेला त्यात बदक सापडलं. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं, १९८५ साली मरण येईपर्यंत, डोनाल्ड म्हणजे नॅशच. कोंबडीचा आवाज फ्लॉरेन्स गिलचा. बोलता बोलता कुकुचकू करत सुरात जाण्याची तिची हातोटी ऐकण्यासारखी आहे. डोनाल्डच्या गलक्यात तिचं नाव मागे पडलं याची मला खंत वाटते.

मराठी मुलांसाठी यात एक मोठी सोय आहे. डोनाल्डचं इंग्रजी इंग्रजांनाही धड कळत नाही. अर्थ पोचतो तो सुरातून आणि अंगविक्षेपांतून. कोंबडीचं बोलणं बरंचसं गाण्यातून येतं, तेवढं तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगितलंत की काम झालं. हे कार्टून डिस्नेच्या ज्या मालिकेतलं, ती ‘सिली सिम्फनीज’ मालिकाच संगीताभोवती बेतलेली होती. दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन चित्र आणि ताल यांचा मेळ बसवण्यात आधीपासून तरबेज होता आणि संगीत ली हार्लिनचं आहे. रंगही टेक्निकलरचे, त्यामुळे ‘जुनं, काळं-पांढरं’ म्हणून मुलं तोंड फिरवणार नाहीत.

एक गोष्ट मोठ्यांनी लक्षात ठेवून बघावी. १९३४ ची अमेरिका महामंदीत होती, लाखो लोक बेकार होते. ‘जो राबेल तोच खाईल’ हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कसं लागलं असेल? काम मिळतच नव्हतं अशा माणसाला ते बोचलंही असेल. म्हणून मुलांना दाखवताना ‘बघ, आळस केला की असं होतं’ हा धडा मी गिरवत बसणार नाही. खोटं कसं उघडं पडलं, यावर बोला. गोष्टीचा जीव त्यातच आहे.

हे आवडलं तर पुढचं ‘ऑर्फन्स बेनिफिट’ लावा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेलं. ते काळं-पांढरं आहे, पण डोनाल्डचा संताप तिथे जन्मला: एक मूठ पुढे काढून एका पायावर उड्या मारणारा डोनाल्ड. तो अॅनिमेटर डिक लंडीने घडवला. त्यानंतर १९३५ चं ‘द बँड कॉन्सर्ट’. या क्रमाने पाहिलंत तर दोन वर्षांच्या आत एक दुय्यम बदक मिकीला मागे सारून पुढे कसं येतं, ते मुलांना तुम्ही न सांगता दिसेल. एका बसणीत तिन्ही लावू नका, पहिल्यावर ती ‘परत लाव’ म्हणतीलच.