लाल दिव्याचे पाच युरो

सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जर्मनीला यायचं ठरवलंय आणि विचारताय, रस्ता चुकीचा ओलांडला तर खरंच दंड होतो का. होतो. पायी लाल दिवा तोडला तर ५ युरो, त्यातून अपघात झाला तर १०. सायकलवर असाल तर निदान ६० आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (तिथे वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांची नोंद ठेवतात) एक पॉइंट. बंद रेल्वे फाटक ओलांडलंत तर ३५०. जवळपास सिग्नल नसेल आणि गाड्या नसतील, तर सरळ आडवा रस्ता ओलांडायला हरकत नाही.

तुमच्या मुलासारखाच माझा मुलगाही सहाचा असताना जे घडलं, ते आठवून हे लिहावंसं वाटलं. माझी आई इथे आली होती. एका रविवारी सकाळी नातवाचा हात धरून ती लाल दिव्यातच निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडून एक बाई ओरडल्या, "मुलं बघताहेत!" आईला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मुलाने हात सोडवून घेतला आणि पिवळ्या बटणाच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. त्याने ते शाळेत सांगितलं. पुढच्या पालकसभेत वर्गाच्या शिक्षिकेने "काही घरांमध्ये" अशी सुरुवात करून सगळं बोलून दाखवलं. कुणाचं घर ते सगळ्यांना कळलं. भांडायला लागते तेवढी जर्मन तेव्हा मला येत नव्हती. आज येते, पण ती सभा कधीच संपून गेली.

नियम मला मनापासून पटतो. इथली पहिलीतली मुलं एकटी चालत शाळेत जातात, आणि मोठी माणसं थांबतात म्हणून ती थांबायला शिकतात. पण आजीचा हात धरू नये, हे माझ्या मुलाने त्यातून घेतलं. ते अजून सलतं. तुमच्याकडे आजी-आजोबा येणार असतील तर मुलाला घरी ठेवून आधी त्यांना सिग्नलवर घेऊन जा. अर्ध्या रस्त्यात दिवा लाल झाला तर घाबरून मागे फिरायचं नाही, तसंच पुढे जायचं, हेही सांगा. पलीकडे पोचण्याइतका वेळ सिग्नलमध्ये धरलेला असतो.

 

दंडापेक्षा भरपाईची काळजी करा. तुमच्यामुळे सायकलवाला पडला तर त्याचा खर्च तुमच्यावर येतो, म्हणून हाफ्टफ्लिश्टचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, आल्याआल्या घ्या. सात वर्षांखालच्या मुलावर कायद्याने जबाबदारी येत नाही, चालत्या वाहनांशी झालेल्या अपघातात तर दहापर्यंत. त्यामुळे मुलाने नुकसान केलं तर साधी पॉलिसी बहुतेकदा हात वर करते. आमच्या मुलाच्या सायकलने शेजाऱ्यांच्या गाडीला ओरखडा पडला, तेव्हा विमा कंपनीशी कित्येक महिने पत्रापत्री चालली. शेवटी पैसे आम्हीच भरले, तरी शेजारी पूर्वीसारखे बोलत नाहीत. लहान मुलांनी केलेलं नुकसान धरलंय का, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.